एक आडवी रेघ

फळ्याच्या उजव्या बाजूला भिंतीवर एक तक्ता होता. ‘आमची वही’ हे त्याचं नाव. नेत्राबाईंनी जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या तो स्वतःच्या हातानं लिहून लावला होता. तारीख उजव्या कोपऱ्यात. समास लाल पेन्सिलीनं, पट्टी धरून. शीर्षक मधोमध, त्याखाली रेघ. नवा धडा नव्या पानावर. आणि सर्वांत खाली, बाकीच्यांपेक्षा ठळक अक्षरात: खाडाखोड चालणार नाही. चुकल्यास पान पुन्हा लिहावे.

तक्ता लावायला कारण होतं. उरणच्या पुढं, मिठागरांच्या कडेला वसलेल्या त्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी महिपत गुरुजींकडे, तिसरी-चौथी नेत्राबाईंकडे. रोज सकाळी मारुतीच्या देवळापाशी इंग्रजी शाळेची पिवळी बस येऊन थांबायची आणि गावातली निम्मी पोरं घेऊन जायची. दर वर्षी बसमध्ये थोडी गर्दी वाढे, शाळेत थोडी जागा वाढे.

“नेत्राबाई,” महिपत गुरुजी म्हणत, “माझ्या रिटायरमेंटला शाळाच माझ्याबरोबर रिटायर होणार बघा. एकाच नारळात दोन सत्कार.”

त्या जूनमध्ये मनालीचे वडील, हितेश, शाळेत आले होते. त्यांचा स्वतःचा ट्रेलर होता. पोर्टातून कंटेनर उचलायचे आणि गोदामात नेऊन टाकायचे. ते आणि त्यांच्या धंद्यातली सगळीच माणसं कंटेनरला ‘डबा’ म्हणत. हितेश आत आले ते मनालीची तिसरीची वही हातात धरूनच.

“बाई, माझ्या साडूच्या पोराची वही बघितली. तिकडं बसच्या शाळेत हाय तो. छापल्यासारखी वही! आणि ही आमची बघा. कोंबडी चिखलातनं फिरून गेली जशी.”

नेत्राबाईंनी वही घेतली. कोंबडीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

“पोरगी हुशार हाय, तुम्हीच बोलता. मग दिसाया नको? मी दिवाळीपर्यंत बघतो. वही सुधारली तर ठेवतो. न्हाय तर दाखला द्या. तिकडं दिवाळीनंतर एक सीट मोकळी होणार हाय, माझं बोलणं झालंय.”

दाराआड उभी असलेली मनाली तेव्हा एवढंच म्हणाली, “मना न्हाय जायचं बसनं.”

“तुला कोण विचारतंय?” हितेश म्हणाले, पण रागानं नाही.

नेत्राबाईंना तो माणूस आवडला होता. बोलला तसा वागलाही. बाईंनी वहीला खाकी कव्हर हवं म्हणताच दुसऱ्या आठवड्यात यार्डातल्या मुकादमाला विचारून पॅकिंगच्या जाड खाकी कागदाचा एक अख्खा गुंडाळा ट्रेलरच्या केबिनमध्ये टाकून शाळेत आणला. सगळ्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं झाली तरी अर्धा गुंडाळा उरला. तो कपाटामागं उभा होता.

नेत्राबाईंनी मग तक्त्याचा पाठपुरावा सोडला नाही. त्या स्वतः लहानपणी वर्गातली सर्वांत नीटनेटकी वही असलेली मुलगी होत्या. त्यांच्या वडिलांनी त्यांना अक्षर शिकवायच्या आधी समास आखायला शिकवलं होतं. ‘आपली वही कुणी उघडली तर त्याला आपल्याला नाव ठेवायला जागा मिळता कामा नये,’ हे वडिलांचं वाक्य. त्या वाक्यानं त्यांना डी.एड.पर्यंत आणि नोकरीपर्यंत आणलं, असं त्यांना मनापासून वाटायचं. पोरांनाही ते कुठं तरी नेईल यात त्यांना शंका नव्हती.

आणि वह्या सुधारल्या. गणपतीपर्यंत समास सरळ झाले. नवरात्रापर्यंत खाडाखोड जवळजवळ नाहीशी झाली. मनालीची वही तर अशी झाली, की महिपत गुरुजी ती उघडून म्हणाले, “हिच्यावर जेवायला वाढलं तरी चालेल.”

पालकसभा दिवाळीच्या सुट्टीआधी ठरली. आठवडा राहिला होता. नेत्राबाई निर्धास्त होत्या.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खिचडी वाढून झाली होती. नेत्राबाई दाराशी वह्या तपासत बसल्या होत्या. विषय होता ‘माझा आवडता प्राणी’. सगळ्यांत वर मनालीची वही होती.

‘माझा आवडता प्राणी गाय आहे. गाय पांढरी असते. गाय दूध देते. गाय गवत खाते. मला गाय आवडते.’

कुठंही खाडाखोड नाही. शीर्षकाखालची रेघ पट्टीनं मारलेली. नेत्राबाईंनी लाल पेनानं तारा काढला.

तारा पुरा होतोय तोच बाहेरून हसण्याचा गलका आला. पहिली-दुसरीची पोरं ताटं पुढ्यात घेऊन गोल बसली होती आणि मधे मनाली उभी होती. हातवारे करत सांगत होती.

“…मग पप्पा बोलले, डब्यात भूत हाय. डायवर काका बोलले, आरं भूत भुंकतंय काय? तर भुंकतंय! आतनं! डबा रिकामा. त्यो बोटीवर चढणार व्हता. दुबईला!”

“मंग?” एका पोराच्या तोंडातली खिचडी तोंडातच राहिली होती.

“मंग पप्पांनी दार खोललं, तर हा बसलाय. असा.” मनाली दोन्ही हात पुढं टेकून, मान वाकडी करून बसली. “त्याला वाटलं, घर हाय कुणाचं तरी. दुबईला ग्येला असता तर तिथं कुणाशी बोलला असता? तिथली कुत्री अरबीत भुंकतात.”

पोरं हसून लोळली. नेत्राबाईही हसल्या. आणि हसता हसता त्यांची नजर मांडीवरच्या वहीवर गेली. गाय पांढरी असते.

मनालीच्या घरी गाय नव्हती. त्या आळीत कुणाकडेच नव्हती. होता तो हा कुत्रा, ज्याचं नाव सगळ्या गावाला माहीत होतं. डब्यात सापडला म्हणून डब्या.

सुट्टी संपल्यावर त्यांनी मनालीला जवळ बोलावलं.

“मनाली, तुझा आवडता प्राणी कोणता गं?”

“डब्या.” लगेच उत्तर आलं. मग वही दिसली तशी ती गडबडली. “गाय, बाई.”

“मग डब्याचं का नाही लिहिलंस?”

मनालीनं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. “बाई, डब्याचं लिवायला गेलं की चुकतं. पान परत लिवावं लागतं. परत चुकतं. गाय कदी चुकत न्हाय.”

हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शिडी कुठून चढायची ते सांगावं तसं तिनं सांगितलं.

नेत्राबाईंनी उरलेल्या वह्या एकापाठोपाठ एक उघडल्या. गाय पांढरी असते. गाय पांढरी असते. पोपट हिरवा असतो. गाय पांढरी असते. एकानं मोर लिहिला होता, तो बहुधा धाडसी असावा. वह्या स्वच्छ होत्या. त्यांनी जूनच्या वह्या आठवून पाहिल्या. कोंबडी फिरली होती खरी, पण तेव्हा मनालीनं पावसात मिठागराचा बांध फुटला ते दीड पान लिहिलं होतं. आता पाच ओळी. सगळ्यांच्या पाचच ओळी.

शाळा सुटल्यावर त्यांनी महिपत गुरुजींना हे सांगितलं. गुरुजी कुलूप हातात घेऊन ऐकत राहिले.

“मग काय करणार?”

“तक्ता बदलायला हवा. शेवटचं वाक्य.”

“बदला. पण सभा होऊ द्या.” गुरुजींनी कडी लावली. “हितेश वही बघणार, खूश होणार, पोरगी राहणार. मग दिवाळीनंतर तुम्ही खुशाल कोंबड्या सोडा वहीत. आत्ता हात लावाल तर वही बिघडेल, आणि पोरगी बसमध्ये बसेल. मग सुधारणार कुणाला?”

गुरुजींच्या बोलण्यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. नेत्राबाईंनी मान डोलावली. घरी जाताना स्कूटरवर त्यांना वाटत राहिलं की आपण शहाणपणाचं वागतो आहोत. एवढा आठवडा गाय पांढरी राहिली तर काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मनाली सर्वांच्या आधी शाळेत आली. दप्तर पोटाशी धरलेलं, डोळे सुजलेले.

“बाई, पान फाडू?”

“काय झालं?”

तिनं वही पुढं केली. गायीच्या पुढच्या पानावर तारीख होती, समास होता, मधोमध ‘डब्या’ लिहून खाली रेघ होती. तिथवर तक्ता पाळलेला होता. पुढं तक्ता सुटला होता. शब्द गिरगटलेले, त्यावर पुन्हा लिहिलेलं, एके ठिकाणी खोडरबरानं घासून कागदाला भोक पडलेलं. ओळी समासात घुसलेल्या. अडीच पानं.

“तुमी काल इचारलंत ना, डब्याचं का न्हाय लिवलं,” मनाली म्हणाली. “मंग लिवलं. पण लई चुकलं. आजी बोलली, पप्पा बघतील तर दाखलाच काढतील. फाडते. मागल्या बाजूचं पान निसटंल, पण मी चिकटवीन.”

नेत्राबाई वाचायला लागल्या. पहिलं वाक्य होतं: ‘आमचा डब्या कुत्रा आहे पण तो परदेशी जाणार होता.’ त्या खुर्चीवर बसल्या. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग वही मिटून खाकी कव्हरावर हात ठेवला.

फाडायला सांगणं सोपं होतं. मनाली स्वतःच फाडायला तयार होती. वही परत स्वच्छ झाली असती, सभा पार पडली असती. आणि त्यानंतर या मुलीनं पुन्हा कधी डब्याचं लिहिलं नसतं. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“फाडायचं नाही,” त्या म्हणाल्या.

“पण पप्पा…”

“पप्पांशी मी बोलेन. तू एवढंच शिक. चुकलं की गिरगटायचं नाही, घासायचं नाही. पट्टी ठेवायची आणि एक आडवी रेघ मारायची. वर बरोबर शब्द लिहायचा. खालचा चुकलेला दिसला तरी चालेल.”

“दिसला तरी?”

“दिसलाच पाहिजे. कुठून कुठं आलो ते कळतं.”

वर्ग भरल्यावर त्यांनी स्टूल घेतलं, तक्त्याशी उभ्या राहिल्या आणि पट्टी धरून आपल्याच ठळक अक्षरांवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: चुकल्यास एक रेघ मारून पुढे लिहावे. तिसरी-चौथीची पोरं आ वासून बघत होती. बाईंच्या तक्त्यात खाडाखोड!

“बाई, तुमचं पान परत लिवणार?” मागून कुणी तरी विचारलंच.

“नाही,” बाई म्हणाल्या. “हेच राहणार.”

महिपत गुरुजी दुपारी तक्ता बघून गेले. जाताना म्हणाले, “दाखल्याचं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते बघून ठेवतो.”

सभेला आया जास्त होत्या, बाप मोजकेच. हितेश आले, सोबत त्यांची आई इंदूबाई. हितेशच्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद होता. तो दाखल्याचा अर्ज आहे हे नेत्राबाईंना विचारायची गरज पडली नाही.

“वही द्या, बाई. मला दुपारी पोर्टाच्या लाइनीत लागायचंय.”

मनालीनं वही आणून दिली आणि आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. हितेशनी कव्हरावरून हात फिरवला. मग जूनपासून एक-एक पान उलटत गेले. चेहरा फुलत गेला. समास, तारखा, तारे. गायीपाशी थांबून त्यांनी शेजारच्या बाईला पान दाखवलं. “हे बघा. याला म्हणतात वही.”

मग पान उलटलं.

“हे काय?”

मनाली आजीच्या पदराआड सरकली.

“हे काय हाय, बाई? मांजरीनं पाय पुसलं काय?” त्यांनी एक पान मागं, एक पान पुढं केलं. “यातली खरी वही कुठली?”

“दोन्ही तिचीच आहेत,” नेत्राबाई म्हणाल्या. “गाय तिनं न चुकता लिहिली, कारण तिला त्या गायीशी काही देणंघेणं नव्हतं. हे चुकत चुकत लिहिलं. खाडाखोड चालणार नाही, असं मीच भिंतीवर लिहून ठेवलं होतं. पोरांनी खाडाखोड थांबवली, आणि खाडाखोडीबरोबर सांगायचंही थांबवलं. तो दोष तिचा नाही, माझ्या तक्त्याचा आहे. तुम्हाला राग आला तर माझ्यावर काढा. पण आधी वाचा.”

हितेशचा हात खिशाकडं गेला. इंदूबाईंनी त्यांच्या दंडाला कोपर मारलं.

“वाच ना, मेल्या. बाई काय बोलतान ते आयक. आनि मोट्यानं वाच. मना काय दिसतंय त्यातलं?”

हितेशनी वही लांब धरली. कंटाळल्यासारखं सुरू केलं.

“आमचा डब्या कुत्रा आहे पण तो परदेशी जाणार होता. पप्पा गेट नंबर दोनवर लाइनीत होते. रिकाम्या डब्यात कोणीतरी भुंकत होतं. पप्पा म्हणाले भूत आहे…”

“तू बोल्लास असा?” इंदूबाईंनी विचारलं. बायका हसल्या.

“गप गं, आये.” हितेश पुढं वाचू लागले. खाडाखोडीवर अडखळत होते, पण आता कंटाळा गेला होता. दुबईच्या कुत्र्यांपाशी ते स्वतःच हसले. मनालीच्या आईनं कुत्रा घरात घ्यायचा नाही म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी तिनंच भाकरी टाकली, तिथं मागं कुणी तरी ‘सगळ्या घरी असंच’ म्हणालं. पान उलटलं.

“डब्या अजून ट्रेलरला भितो. कुठलाही ट्रेलर आला की तो पडवीत पळतो. पण पप्पांचा ट्रेलर त्याला लांबून कळतो. पप्पा दोन दिवस आले नाहीत की तो रस्त्यावर जाऊन बसतो. त्याला वाटतं पप्पांना कोणीतरी डब्यात…”

हितेश थांबले. पुढची ओळ त्यांनी मनातच वाचली. ओठ हलले, आवाज आला नाही.

“पुढं काय लिवलंय?” इंदूबाई म्हणाल्या.

नेत्राबाईंना पाठ होतं. ‘त्याला वाटतं पप्पांना कोणीतरी डब्यात बंद केलं. तो रस्त्यावर बसतो. मी खिडकीत बसते.’

हितेशनी वही थोडी जवळ घेतली, पुन्हा लांब धरली. मग खाकरले.

“गेट नंबर दोन न्हवतं ते,” ते म्हणाले.

“आं?” नेत्राबाई म्हणाल्या.

“चुकीचं लिवलंय. गेटवर कुठं डबा खोलाया देतात? यार्डातला वजनकाटा व्हता. मी काट्यावर उभा व्हतो. पेन द्या.”

नेत्राबाईंनी पेन दिलं. हितेशनी वही बाकावर ठेवली, वाकले आणि ‘गेट नंबर दोन’वर पेनाचं टोक टेकवून गिरगटायला सुरुवात करणार तोच आजीच्या मागून आवाज आला.

“पप्पा, गिरगटायचं न्हाय!”

सगळे वळले. मनाली कंपासमधली पट्टी घेऊन पुढं आली होती.

“एकच आडवी रेघ. पट्टी धरून. खालचं दिसलं पायजे.”

“खालचं कशाला दिसाया पायजे?”

मनालीनं भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. हितेशनी तक्ता वाचला. त्यातली रेघ पाहिली. बाईंकडं पाहिलं. मग पट्टी घेतली. रस्त्यावर अवजड ट्रेलर मागं घेताना घ्यावी तेवढी काळजी घेऊन त्यांनी रेघ मारली आणि वर, बऱ्याच वर्षांत सहीपलीकडं काही न लिहिलेल्या हातानं, ‘वजनकाट्यावर’ असं लिहिलं. अक्षर समासात गेलं.

“पप्पा, समास!”

“जागा कुठं ठेवलीस तू?”

महिपत गुरुजींनी हीच वेळ साधली. “हितेशराव, अर्जाचं काय करायचं? म्हणजे मला पुस्तक काढायला बरं.”

हितेशनी खिशातली घडी चाचपली, पण बाहेर काढली नाही. मनालीच्या डोक्यावर पट्टी हलकेच आपटून ती परत दिली आणि दाराकडं निघाले. मनाली पट्टी हातात धरून तशीच उभी होती. नेत्राबाईही तशाच. दारात चपला घालता घालता हितेश वळले.

“बाई, तो खाकी कागद संपला काय?”

“नाही. आहे की. कपाटामागं अर्धा गुंडाळा आहे.”

“ठेवा जपून.” त्यांनी दुसरी चप्पल पायानं सरळ केली. “ही अशी अडीच-अडीच पानं लिवाया लागली तर वही दिवाळीतच भरंल. सुट्टीनंतर नव्या वहीला कव्हर लागणार.”

ते बाहेर पडले. इंदूबाई मागोमाग निघाल्या. उंबऱ्यात थांबून त्यांनी नातीला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आनि काय गो, भाकरी तुझी आय घालते? सकालची कोन घालतं?”

मनालीनं वही उघडली, बाकावर ठेवली आणि पट्टी लावली.